मद्यमुक्तीतील भावनिक अस्वस्थता

दीर्घकाळ नियमित दारू पिणाऱ्याने ती थांबवल्यावर उफाळणारी चिंता, चिडचिड, उदासी, अपराधभाव व एकटेपणा. तसेच न पिता या भावनांना तोंड देण्याच्या रीती. दारू सोडताना शरीराचेच हाल होतात, असा सर्वसाधारण समज आहे. पण शारीरिक त्रासाचा जोर बहुधा आठवड्याभरात ओसरतो. घसरण, म्हणजे पुन्हा पिऊ लागणे, पुष्कळदा त्यानंतरची असते.

दारूमुळे मेंदूतील गाबा या शामक रसायनाचा प्रभाव वाढतो आणि ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा घटतो. रोज पिणाऱ्याचा मेंदू याच्या उलट दिशेने जुळवून घेतो. दारू एकाएकी थांबली की ही जुळवणी उघडी पडते : हात थरथरतात, झोप उडते, विनाकारण धडकी भरते. भरपूर पिणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास व बरळणे सुरू होऊ शकते, आणि ते जिवावरही बेतते. म्हणून खोलीत कोंडून दारू ‘सोडवण्याचा’ घरगुती उपाय घातक होय. हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावा.

सुरुवातीची उदासी अनेकांत तीन-चार आठवड्यांत बरीच निवळते. त्यानंतरही ती टिकली, तर नैराश्य हा स्वतंत्र आजार आहे का, हे मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागते. आत्महत्येचे विचार येत असल्यास मात्र आठवडे मोजत बसू नये. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी व्यसनी व्यक्तींच्या घसरणीचे प्रसंग तपासले. त्यांत सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३५ टक्के, नकारात्मक भावनांचा निघाला. भांडणे आणि मित्रांचा आग्रह त्याखाली होते. तलफेशी झुंजू नये, ती लाटेसारखी चढते आणि उतरते, तेवढा वेळ तिच्याकडे नुसते पाहत राहावे, ही त्यांची शिकवण आजही उपचारांत वापरली जाते. एका पेल्यानंतर ‘आता सगळे संपलेच’ असे वाटून माणूस बेबंद पितो, हेही त्यांनी दाखवले. तिथे पेल्याइतकेच नुकसान शरम करते. आपल्याकडे ‘पुन्हा प्यायलास ना!’ म्हणून घरचे तीच शरम पक्की करतात.

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांनी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या फेलोशिपचा भर मनातल्या अढीवर आहे. बारा पायऱ्यांपैकी चौथीत स्वतःचा निर्भीड झाडा घ्यायचा, पाचवीत तो दुसऱ्या माणसापुढे कबूल करायचा आणि नववीत, कोणाला इजा होणार नसेल तिथे, दुखावलेल्यांची भरपाई करायची. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत सावध राहा, ही सूचना व्यसनमुक्तीच्या वर्तुळात सर्रास दिली जाते. तिच्यात तत्त्वज्ञान काही नाही. पण संध्याकाळी सातला रिकाम्या पोटी घरी निघालेल्या माणसाला ती कोणत्याही शपथेपेक्षा उपयोगी पडते. आईच्या गळ्याची शपथ मोडली की अपराधभाव दुप्पट होतो, आणि तो बुडवायला पुन्हा बाटली लागते.

महाराष्ट्रात १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. औषधांच्या जोडीने समूहचर्चा, योग आणि समुपदेशन असे तिथल्या उपचारांचे स्वरूप आहे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेही तिथे काम करतात. ‘मलाही असेच व्हायचे’ हे त्यांच्या तोंडून ऐकताना समोरच्याला उपदेशाचा वास येत नाही.

सर्वांत कमी बोलली जाणारी भावना म्हणजे आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही याचा राग. महिनोन्‌महिने न पिणाऱ्याचेही तोंड हुंगले जाते, पगार मोजून घेतला जातो. त्याला हा अपमान वाटतो. पत्नीच्या दृष्टीने तो वर्षानुवर्षांच्या अनुभवाने अंगवळणी पडलेला सावधपणा असतो. दोघांचेही खरेच असते. त्यामुळे कुटुंबीयांचे वेगळे गट चालवले जातात : अल-ॲनॉन ही संघटना १९५१ पासून हे काम करते, आणि मुक्तांगणातही पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे.