गोबरगॅसची टाकी आणि अ‍ॅव्होगॅड्रो

गोबरगॅस म्हणजे काय, हे सीमाभागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. गोठ्यामागच्या खड्ड्यात शेणकाला आणि त्यावर उपडी तरंगणारी लोखंडी टाकी. टाकी वर आली की गॅस भरला, खाली बसली की संपला. घरची बाई ही उंची पाहूनच ठरवते, की भाकरी गॅसवर करायच्या की चूल पेटवायची. या साध्या हिशेबामागे मात्र एका उपेक्षित शास्त्रज्ञाचा विचार आहे.

वायू एकमेकांशी संयोग पावतात ते आकारमानाच्या साध्या प्रमाणात, हे गे-ल्युसॅकने १८०८ साली दाखवले. त्याचा अर्थ लावला इटलीतील अमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रोने, १८११ साली. तापमान व दाब सारखे असतील, तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते, असे त्याने मांडले. म्हणजेच वायू दुप्पट झाला की जागाही दुप्पट लागते. जवळजवळ अर्धशतक या विचाराची कोणी फारशी दखल घेतली नाही. १८५६ मध्ये अ‍ॅव्होगॅड्रो वारला आणि चार वर्षांनी कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारोने त्याची बाजू मांडली. तेव्हा कुठे रसायनशास्त्राला दिशा सापडली.

आपल्याकडे १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरला गेला. शेणाच्या वायूवर १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी प्रयोग केले. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र बनवले. खादी ग्रामोद्योग आयोगाने ते १९६०च्या दशकात उचलून धरले.

या टाकीची खुबी तिच्या वजनात आहे. वजन बदलत नाही, म्हणून आतला दाबही बदलत नाही. मग गॅस वाढेल तशी टाकी उचलली जाते आणि तिची उंचीच गॅसचे माप होते. भर उन्हात ती थोडी अधिक वर दिसते. तापमान दहा अंशांनी वाढले तर आकारमान सुमारे ३ टक्के वाढते. तेवढ्यापुरता गॅस वाढलेला नसतो, फुगलेला असतो. गॅसमध्ये मिथेन ६० टक्के आहे असे म्हणतात, तेव्हाही १०० रेणूंतले ६० मिथेनचे, हाच त्याचा अर्थ.

१९८४च्या सुमारास विटांच्या घुमटाचे ‘दीनबंधू’ संयंत्र आले. लोखंड वाचले, गंजही गेला, खर्च उतरला. पण घुमट हलत नाही. गॅस वाढला की शेणकाला बाहेर ढकलला जातो आणि दाब चढतो. किती गॅस उरला, ते आता ज्योतीच्या जोरावरून ओळखावे लागते. देहूच्या डॉ. मापुस्करांनी शौचालयाला जोडलेले संयंत्र रुजवले, त्याचे नाव ‘मलप्रभा’. आपल्या कणकुंबीत उगम पावणाऱ्या नदीचेच हे नाव, पण इथे त्याचा अर्थ शब्दशः खरा ठरतो.

टाकी असो वा घुमट, हिशेब एकच. एक घनमीटर गॅसला रोज सुमारे २५ किलो शेण लागते. दावणीला जनावरे उरली नाहीत, तर कोणतेही अनुदान टाकी वर उचलू शकत नाही. अ‍ॅव्होगॅड्रोचा नियम गोठ्यापाशी येऊन थांबतो तो इथेच: आत जेवढे आहे, तेवढेच वर दिसते.