ध्वनिमुद्रिकेची पाठचिकित्सा

हस्तलिखिताची प्रत करताना लेखनिकाच्या हातून अक्षरे गळतात, बदलतात, क्वचित नवी भरही पडते. म्हणूनच पाठचिकित्सेची शिस्त निर्माण झाली, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. मात्र सानगडी-साकोलीच्या झाडीपट्टीतील दंडार, खडी गंमत यांसारख्या मौखिक परंपरेकडे वळताच आपण ध्वनिमुद्रण हाच मूळ पाठ असे गृहीत धरतो. वस्तुतः मुद्रण आणि आपला कान यांच्यामध्येही एक लेखनिक बसलेला असतो. तो म्हणजे प्री-अँप्लिफायर, अर्थात पूर्वप्रवर्धक.

तबकडीवरून फिरणाऱ्या चुंबकीय पिकअपमधून सुमारे ५ मिलिव्होल्ट इतकाच क्षीण संकेत निघतो. घरातील अँप्लिफायरला मात्र पूर्ण शक्तीने वाजण्यासाठी साधारण १ व्होल्ट लागतो. हे अंतर पूर्वप्रवर्धक भरून काढतो. परंतु केवळ आवाज वाढविणे हे त्याचे काम नव्हे. तबकडी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले व तीव्र स्वर उठविलेले असतात. ऐकताना ही क्रिया नेमकी उलट करावी लागते. १९२५ मध्ये विद्युत्-मुद्रण सुरू झाल्यापासून या फेरफाराचे प्रमाण प्रत्येक कंपनीचे वेगळे होते. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या संघटनेने एक वक्र प्रमाण ठरविला आणि पुढे तोच सर्वत्र रुळला. प्रमाण पाठ ठरला की अन्य पाठ विस्मृतीत जातात, तसेच येथेही घडले. आजचा बहुतेक पूर्वप्रवर्धक हा एकच वक्र जाणतो. त्यावर त्यापूर्वीची ७८ फेऱ्यांची तबकडी वाजविली, तर ऐकू येतो तो चुकीचा पाठ.

दुसरा प्रश्न जुळणीचा. पूर्वप्रवर्धकाचा निर्गम-रोध अँप्लिफायरच्या आगम-रोधाच्या फार तर दशांश असावा, असा सर्वमान्य संकेत आहे. व्हॉल्व्हच्या जुन्या पूर्वप्रवर्धकाचा निर्गम-रोध पुष्कळदा जास्त असतो. त्याला कमी आगम-रोधाचा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर जोडला तर खर्ज विरळ होतो आणि वायर लांब असेल तर तीव्र स्वर बोथट होतात. कॅसेट डेक किंवा १९८२ मध्ये बाजारात आलेला सीडी प्लेअर यांचा संकेत मुळातच सबळ असतो. त्यांना हा वक्र नको, अधिकचे वर्धनही नको.

हे सारे बोलीच्या अभ्यासकाने का जाणावे? झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘र’ आणि ‘श’च्या जागी ‘स’ येतो, डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीकडे लक्ष वेधले आहे. यांपैकी ‘श’ आणि ‘स’ यांतील भेद मुख्यतः तीव्र स्वरांच्या पट्ट्यात असतो. म्हणजे बोथट जुळणीतून ऐकणारा अभ्यासक नेमक्या त्याच खुणेविषयी साशंक होतो, जिच्यासाठी तो कान देऊन बसलेला असतो.

ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषा-बोलींच्या तबकड्या तयार झाल्या. १९२५ पूर्वीच्या मुद्रणात विद्युत्-वक्र नव्हताच. कर्ण्यापुढे बोललेला आवाज थेट सुईने कोरला जाई, आणि त्याचा पल्ला ढोबळमानाने २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच असे. अशा तबकडीला प्रमाण वक्र लावणे ही ढवळाढवळ होय. वक्र वगळला, जुळणी निर्दोष केली, तरीही ‘श’ की ‘स’ याचा निर्णय तीवरून बहुधा देता येणार नाही. कारण तो भेद तीवर कोरलाच गेला नाही. ‘ण’ आणि ‘न’ यांच्याबाबत मात्र थोडी आशा ठेवता येते.

म्हणून पूर्वप्रवर्धक निवडताना ‘आवाज गोड कोणाचा?’ हा रसिकाचा प्रश्न अभ्यासकास पुरेसा नाही. वक्र बदलता अथवा वगळता येतो का, रोध जुळतात का, हे त्याने आधी पाहावे. लिखित संहितेत गळालेल्या अक्षराची जागा आपण रिकामी दाखवितो. ऐकलेल्या संहितेतही, जेथे यंत्राने अक्षर पोहोचविलेच नाही, तेथे सवयीचे अक्षर भरून न टाकता जागा रिकामी ठेवणे, हीच खरी निष्ठा होय.