विलायती बाटलीचं मोल

जमशेटजी जीजीभाई पुढे मुंबईचे मोठे दानशूर म्हणून नावारूपाला आले, पण धंद्याचे पहिले धडे त्यांनी रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारात गिरवले. मामा फ्रामजी नसरवानजी यांचा व्यवसाय तोच, म्हणून आडनावही बाटलीवाला. काचेची बाटली सातासमुद्रापलीकडून यायची. आतली दारू संपली तरी तिला गिऱ्हाईक होतं. बाटलीची ही गत, तर तिच्यातल्या दारूसाठी हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजाला काय मोजावं लागत असेल!

ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर कप्तान आणि अधिकाऱ्यांना थोडी जागा खासगी व्यापारासाठी मिळे. चीज, मिठात मुरवलेलं डुकराचं मांस, टोप्या, मोजे, काचसामान, क्लॅरेट, माडेरा अशी द्राक्षांची दारू, हा माल त्या जागेतून यायचा आणि ‘युरोप शॉप’ म्हणवल्या जाणाऱ्या दुकानांत विकला जायचा. मुंबईत फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटचं एक नावच ‘इंग्रज बाजार’ होतं. आफ्रिकेला वळसा घालून यायला चार ते सहा महिने लागत. वाटेत चीजला बुरशी येई, मांस सडे, पिंपं गळत. मग जे धड पोचे त्याच्या किमतीत नासक्याचीही भरपाई निघे. गिऱ्हाइकं बहुधा उधारीवर घेत, तेव्हा दुकानदार व्याजही भावातच धरी. माडेरा मात्र प्रवासातल्या उष्णतेने उलट अधिक मुरे, म्हणून तिला मागणी मोठी.

कोणी साहेब वारला की त्याच्या कपड्यांचा, खुर्च्यांचा, उरलेल्या दारूचा लिलाव होई. नव्या मालाच्या भावाने टेकीला आलेले देशबांधव तिथे गर्दी करत.

भाव दर वेळी अंतरावरच ठरत असे असंही नाही. हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजांना परतीच्या मानाने माल कमी असे, त्यामुळे इकडे येतानाचं भाडं स्वस्त पडे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसन या बिअरवाल्याने हे हेरलं. जहाजांची गोदी त्याच्या जवळ. कप्तानांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर बिअर देऊन त्याने हिंदुस्थानची बाजारपेठ काबीज केली. पुढे त्याची पकड फार घट्ट झाली, तेव्हा १८२०च्या दशकात बर्टन गावचे बिअरवाले ऑलसॉप स्पर्धेत उतरले.

बर्फाची कहाणी याहून अद्भुत आहे. मे १८३३ मध्ये बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज तळ्यातून कापलेला १८० टन बर्फ घेऊन निघालं. सप्टेंबरात ते कोलकात्याला पोचलं तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. जकात खात्यात बर्फाचा खोळंबा झाला असता तर हाती नुसतं पाणी उरलं असतं. म्हणून तो जकातीशिवाय, रात्रीच्या गारव्यात उतरवायची परवानगी मिळाली, आणि गोऱ्या रहिवाशांनी वर्गणी काढून बर्फघर बांधलं. पुढल्याच वर्षी बर्फ मुंबईत आला. जमशेटजींनी आपल्या मेजवानीत थंडगार पदार्थ वाढले. यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी तेव्हाच्या गुजराती पत्राने छापली. बाटल्यांच्या धंद्यातून वर आलेला माणूस आता साहेबांच्या सर्वांत महागड्या चैनीचा यजमान झाला होता. १८४३ मध्ये सेंट अँड्र्यूज चर्चशेजारी मुंबईचं बर्फघर उभं राहिलं.

परक्या देशात राहणाऱ्याला आयातकर नेहमी जाचतो, कारण तो ठरवण्यात त्याचा हात नसतो. इथे नेमकं उलट होतं. कर बसवणारे आणि विलायती माल घेणारे एकाच समाजातले. १८५७च्या उठावाने तिजोरी रिती झाली, तेव्हा १८५९ मध्ये चैनीच्या वस्तूंवर २० टक्के जकात बसली. पुढल्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी ती १० टक्क्यांवर आणली. मग दर उतरतच गेला. १८८२ मध्ये तर दारू, शस्त्रं, मीठ असे मोजके अपवाद सोडून आयातजकात उठलीच. मिठावर मात्र मणामागे २ रुपये कर राहिला आणि १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला. साहेबाच्या टेबलावरचं चीज जकातमुक्त होतं आणि शेतकऱ्याच्या भाकरीवरच्या मिठाला कर होता.

१८९१ मध्ये मुंबईत ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ची शाखा आली. ही संस्था इंग्लंडमध्ये १८७१ साली लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांनी घाऊक खरेदीतून स्वस्त माल मिळवायला काढली होती. काळा घोड्याजवळची तिची इमारत अजून उभी आहे. पण तोवर रुपयाच घसरत चालला होता. एके काळी जवळपास २ शिलिंगांना असलेला रुपया १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगावर आला. विलायतेत मुलांच्या शाळेसाठी पैसे पाठवणं गोऱ्या नोकरांना जड जाऊ लागलं. सरकारने १८९३ मध्ये त्यांना विनिमय-भरपाईचा भत्ता दिला, तोही हिंदुस्थानच्या तिजोरीतून आणि तीत तूट असताना. ती भरून काढायला १८९४ मध्ये ५ टक्क्यांची सर्वसाधारण आयातजकात पुन्हा आली.

१८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले पुण्याहून लंडनला, हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले. वय तिशीचं. सरकारी खर्चाची एकेक बाब त्यांनी आकड्यांनिशी तपासली, आणि तिजोरी रिकामी असताना दिलेल्या या भत्त्यावर बोट ठेवलं. त्याच साक्षीत त्यांनी मिठाच्या कराचाही प्रश्न मांडला.