डक्ट टेप जिथे टिकत नाही

30 जानेवारी 2019. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर त्या सकाळी उणे 30 अंश सेल्सियस तापमान नोंदवलं गेलं. आम्ही तिथून अर्ध्या तासावर राहतो. तळघरातला फर्नेस रात्रभर एकदाही थांबला नव्हता. तरी मुलाच्या खोलीत 15 अंश होते आणि स्वयंपाकघरात 22. मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. बायको त्याला घेऊन स्वयंपाकघरात गादी टाकून झोपली होती. घर चालवायला दोन इंजिनियर, आणि झोपायला ओट्याखालची जागा.

पहाटे चारच्या सुमारास तळघरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला.

बाळाला ब्लँकेटात गुंडाळून आम्ही गाडीत जाऊन बसलो. गॅस कंपनीचा माणूस आला, त्यानं आधी घरभर मीटर फिरवला. मग पाणी तापवायच्या टाकीवर जिथे धुराड्याची नळी सुरू होते, तिथे एक पेटती काडी धरली. काडीचा धूर वर धुराड्यात जायला हवा. तो सरळ आमच्या तोंडावर आला. त्यानं फर्नेसचा पंखा बंद केला. धूर निमूटपणे वर जायला लागला. पंखा पुन्हा चालू केला. धूर पुन्हा खोलीत.

"तुझे डक्ट गळतायत," तो म्हणाला. टाकीचा गॅस बंद करून, तिच्यावर लाल चिठ्ठी चिकटवून तो निघून गेला.

डक्ट म्हणजे काय हे पुण्या-मुंबईत वाढलेल्या वाचकाला सांगावं लागेल, कारण आपल्याकडे ते मॉलमध्ये आणि मल्टिप्लेक्समध्ये असतात, घरात नाही. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक घरांत एकच फर्नेस असतो, त्याला पंखा असतो, आणि तिथून पत्र्याच्या नळ्या प्रत्येक खोलीत जातात. काही नळ्या गरम हवा नेतात, काही खोल्यांतली गार झालेली हवा परत आणतात. उन्हाळ्यात त्याच नळ्यांतून एसीची थंड हवा जाते. (हॉलिवूडचा हीरो ज्या डक्टमधून रांगत जातो तसले डक्ट घरात नसतात. आमच्या डक्टमधून मांजरसुद्धा कुरकुरत जाईल.)

आमच्या घरात हवा परत आणणारी नळी तळघरात फुटलेली होती. पंखा खोल्यांमधली हवा ओढण्याऐवजी तळघरातलीच हवा ओढत होता. तळघरात हवेचा दाब कमी पडला, की ती पोकळी भरायला हवा कुठून तरी येणार. ती धुराड्यातून खाली येत होती, जळलेल्या गॅसचा धूर सोबत घेऊन. एरवी फर्नेस थांबून थांबून चालतो, म्हणून हे कधी कळलं नव्हतं. त्या रात्री तो थांबलाच नाही.

आठवड्याभरानं थंडी उतरली. मी टॉर्च घेऊन तळघरात नळ्या बघायला उतरलो आणि तिथे मला तीन वेगवेगळी दशकं एकमेकांवर चिकटवलेली सापडली.

घर 1928चं, विटांचं, बैठं. शिकागोत अशा बंगल्यांचा एक पट्टाच आहे. 1910 ते 1940 या काळात ते साधारण 80 हजार बांधले गेले. त्या काळातल्या कित्येक घरांसारखा इथेही पहिल्यांदा कोळशाचा फर्नेस होता, आणि पंखा नव्हता. गरम हवा हलकी म्हणून आपोआप वर जायची, थंड हवा जड म्हणून खाली यायची, एवढ्यावर सगळा कारभार. त्यामुळे नळ्या रुंद ठेवाव्या लागत आणि वर चढत्या. तळघराच्या मध्यभागी तो फर्नेस आणि त्यातून चहूबाजूंना निघालेल्या जाड नळ्या. लोक त्याला ऑक्टोपसच म्हणत.

या घरांची एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. नळी तीच, सांधे तेच, पण तेव्हा ते फारसे गळत नव्हते. हवा ढकलणारा पंखाच नाही, तर नळीत दाब कसला? सांध्यात बोटभर फट असली तरी हवा तिच्यातून जोरानं बाहेर फेकली जायची नाही. 1930च्या दशकापासून फर्नेसमध्ये विजेचे पंखे बसायला लागले, तेव्हा त्याच फटी गळती झाल्या.

खोल्या वेगवेगळ्या तापवायच्या ही कल्पना त्याहून जुनी आहे. न्यू जर्सीच्या मॉरिसटाउनमध्ये राहणाऱ्या अ‍ॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीला 23 डिसेंबर 1919 रोजी गॅसवर चालणाऱ्या फर्नेसचं पेटंट मिळालं. अमेरिकेत स्त्रियांना मतदानाचा हक्क देणारी घटनादुरुस्ती तेव्हा अजून लागू व्हायची होती. तिच्या आराखड्यात एकाच फर्नेसमध्ये अनेक बर्नर होते आणि प्रत्येकाची गरम हवा आपापल्या नळीनं वेगळ्या खोलीत जाणार होती. तिच्या आयुष्याविषयी फार थोडं नोंदलं गेलंय. इंटरनेटवर तिचा म्हणून फिरणारा फोटोही दुसऱ्याच बाईचा निघाला.

तर आमच्या तळघरातला पहिला थर. नळ्यांच्या सांध्यांवर पांढरा, जाडसर, पिठानं चिकटवल्यासारखा दिसणारा कागद. मी नख लावणार एवढ्यात बायको जिन्यावरून ओरडली, "अरे हात लावू नकोस!" ती फोनवर वाचतच खाली येत होती. तो अ‍ॅस्बेस्टॉसचा कागद होता. त्या काळात सांधे बंद करायची ती सर्रास पद्धत. न जळणारं, स्वस्त, ओलं करून लावलं की नीट बसणारं. त्याचे तंतू फुप्फुसात अडकून कॅन्सर होतो हे कळून निर्बंध यायला 1970चं दशक उजाडलं. कागद शाबूत असेल तर त्याला छेडू नये, फाटला असेल तर परवानाधारक माणसांकडून काढून घ्यावा, असं इथली पर्यावरण संस्था सांगते. आमचा चार ठिकाणी फाटला होता. म्हणजे गळती आणि विष एकाच जागी. पांढरे सूट आणि मास्क घातलेली माणसं आली, तळघर प्लास्टिकनं बंद करून दोन दिवस काम केलं. बाळाला घेऊन आम्ही मित्राकडे. पैसे किती गेले ते मी आईला सांगितलेलं नाही.

मला त्या वेळी आमच्या साताऱ्याकडच्या प्राथमिक शाळेचं छप्पर आठवत होतं. सिमेंटचे पत्रे म्हणतो आपण त्यांना. तेही अ‍ॅस्बेस्टॉसचेच, आणि आपल्याकडे अजून विकले जातात. एक पत्रा फुटला होता आणि त्याच्या तुकड्यांनी आम्ही फरशीवर चौकटी आखून खेळायचो.

दुसरा थर चंदेरी. डक्ट टेप. आधीच्या कुठल्या तरी मालकानं ज्या सांध्याला कागद नव्हता तिथे ती गुंडाळली होती. बोट लावताच ती अख्खी कांद्याच्या सालीसारखी हातात आली. मागचा गोंद वाळून भुकटी झालेला.

या टेपची जन्मकथा आमच्या घरापासून दोन तासांवर घडली. इलिनॉयमधल्या डिक्सन गावाजवळ दुसऱ्या महायुद्धात ग्रीन रिव्हर नावाचा दारूगोळ्याचा कारखाना होता. व्हेस्टा स्टाउट तिथे काडतुसांच्या खोक्यांची तपासणी आणि पॅकिंग करायची. तिची दोन मुलं नौदलात होती. खोकी कागदी टेपनं बंद करून मेणात बुडवत, म्हणजे पाणी आत जायला नको, आणि उघडण्यासाठी टेपचं एक टोक बाहेर ठेवत. ते टोक ओढलं की कागद फाटायचा आणि खोकं तसंच बंद. गोळीबारात अडकलेला सैनिक तिथे नखांनी मेण खरवडत बसणार, हे तिला दिसत होतं. कापडाची, पाणी न शिरणारी टेप वापरा, असं तिनं वरिष्ठांना सांगितलं. कल्पना चांगली आहे म्हणाले आणि पुढे काही झालं नाही. मग 10 फेब्रुवारी 1943 रोजी तिनं थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं, सोबत चित्र काढून. पत्र वॉर प्रॉडक्शन बोर्डाकडे गेलं, कल्पना मंजूर झाली, आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला टेप बनवायचं काम मिळालं.

ती टेप हिरवट रंगाची होती आणि हवेच्या नळ्यांशी तिचा काही संबंध नव्हता. सैनिकांनी तिनं बूट, जीप, तंबू, जे सापडेल ते चिकटवलं. इंग्रजीत कॅनव्हाससारख्या जाड सुती कापडाला 'डक' म्हणतात, डच भाषेतल्या कापडाच्या शब्दावरून. बदकाचा त्यात काही भाग नाही. युद्ध संपलं, सैनिक घरी आले, उपनगरं वाढायला लागली आणि हजारो नव्या घरांत पत्र्याच्या नळ्या बसायला लागल्या. टेप पत्र्याच्या रंगाची, चंदेरी झाली. 'डक'ची 'डक्ट' झाली, म्हणजे नावातच काम आलं. पुढे 1970मध्ये अपोलो 13च्या अंतराळवीरांनी चौकोनी डबा गोल भोकाला जोडून श्वास घेण्याजोगी हवा राखली ती याच जातीच्या टेपच्या मदतीनं. एवढी पुण्याई गाठीशी असल्यावर तळघरातल्या सांध्यावर तिच्याविषयी शंका कोण घेणार?

शंका यायला तेल महागावं लागलं. ऑक्टोबर 1973मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा तोडला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथला आर्थर रोझेनफेल्ड हा कणभौतिकीतला शास्त्रज्ञ आपलं संशोधन सोडून घरं ऊर्जा कुठे वाया घालवतात याच्या मागे लागला. तरी सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष भिंती, खिडक्या आणि माळ्यावरच्या इन्सुलेशनकडे. नळ्यांचा नंबर फार उशिरा लागला. 1980च्या दशकाच्या शेवटी फ्लॉरिडातल्या सौरऊर्जा केंद्राच्या संशोधकांनी दाखवलं, की एसीचा पंखा चालू केला की घरात बाहेरची हवा शिरायचं प्रमाण एकदम वाढतं. कारण नळ्या गळक्या, आणि फ्लॉरिडासारख्या उष्ण राज्यांत त्या बहुधा माळ्यावर, तापलेल्या छपराखाली. म्हणजे लोक पैसे देऊन माळा थंड करत होते. आजही एनर्जी स्टार हा सरकारी कार्यक्रम सांगतो, की साध्या घरात नळ्यांत सोडलेल्या हवेतली 20 ते 30 टक्के वाटेतच गळते.

1998मध्ये बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या मॅक्स शर्मन आणि इयन वॉकर यांनी बाजारात मिळणारे सांधे बंद करायचे पदार्थ मुद्दाम गळके ठेवलेल्या सांध्यांवर लावले आणि त्यांतून आलटून पालटून गरम आणि थंड हवा सोडली. काही नमुने नुसतेच भाजले. बाकी सगळं टिकलं. निकामी झाली ती एकटी कापडी डक्ट टेप. उष्णतेनं तिचा रबरी गोंद कडक होतो, टेप आक्रसते आणि तेलकट, धुळकट पत्र्यावरून सुटते. पुढे कॅलिफोर्नियाच्या इमारत-नियमांनी निव्वळ तिच्या भरवशावर नळ्या जोडायला मनाई केली. मला हे वाचून हसू आलं नाही. चार वर्षांपूर्वी, घर घेतल्या घेतल्या, मीसुद्धा एका सांध्याला तीच टेप लावली होती. तिसऱ्या थरातला काही भाग माझाच होता.

आमच्याकडे आलेल्या पहिल्या कंत्राटदारानं तीच टेप पुन्हा लावायचं कोटेशन दिलं. त्याला चहा पाजून परत पाठवला. मग मीच मॅस्टिक आणलं. करड्या रंगाचं, लांबीपेक्षा पातळ आणि श्रीखंडापेक्षा घट्ट, ब्रशनं लावायचं. आधी सांधा स्क्रूनं आवळायचा, पत्रा पुसून घ्यायचा, मोठी फट असेल तर वर फायबरग्लासची जाळी, आणि मग नाण्याएवढा जाड थर. व्हिडिओ कॉलवर बाबा बघत होते. "अरे, एम-सील लाव की," म्हणाले. त्यांनी आयुष्यात टाकी, बादली आणि एकदा चष्मा एम-सीलनं जोडलाय.

कामाच्या आधी आणि नंतर एका तपासनिसानं सगळ्या जाळ्या कागदानं बंद करून, पंख्यानं नळ्यांत 25 पास्कल दाब भरून गळती मोजली. आधी मिनिटाला 410 घनफूट हवा जात होती. तीन शनिवार-रविवार आणि दोन बादल्या मॅस्टिकनंतर 170. त्यानं काडी पेटवून पाण्याच्या टाकीपाशी धरली, फर्नेसचा पंखा पूर्ण वेगानं चालू असताना. धूर वर गेला. बायकोनं त्याला पुन्हा एकदा करायला लावलं.

मुलाच्या खोलीत आता 19 अंश असतात. उरलेली गळती भिंतीच्या आतल्या उभ्या नळीत आहे आणि तिथे माझा हात पोचत नाही. त्यावर उपाय बर्कलीच्याच मार्क मोडेरानं 1990च्या दशकात काढला: सगळी तोंडं बंद करून नळीत चिकट पॉलिमरचे बारीक कण फवारायचे. हवा फटीतून बाहेर पडायला वळते, तसे कण तिच्यासोबत वळत नाहीत, फटीच्या कडेला आपटून चिकटतात आणि एकावर एक साचून फट बुजवतात. त्याचं कोटेशन फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलंय. आकडा बघून आम्ही सध्या त्या खोलीचं दार उघडं ठेवतो.