प्रथिनांचा कडवटपणा

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ अशी आपली जुनी म्हण आहे. पराकाष्ठेच्या उपासमारीत मात्र ती खरी ठरतेच असे नाही, याचा दारुण प्रत्यय १९४५ साली आला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्य जर्मनीतील बेर्गेन-बेल्झेनच्या बंदिछावणीत शिरले, तेव्हा तेथे सुमारे ६०,००० माणसे भुकेने व रोगराईने जर्जर झालेली आढळली. त्यांच्यासाठी डॉ. जॅनेट वॉन आणि त्यांचे सहकारी लंडनहून पूर्वपाचित प्रथिने घेऊन गेले. ज्यांना विकरे किंवा एन्झाइम म्हणतात, त्या पाचक द्रव्यांच्या किंवा आम्लाच्या साहाय्याने प्रथिनांचे आधीच तुकडे करावेत, म्हणजे दुबळ्या आतड्यांवर पचनाचा भार पडणार नाही, ही त्यामागील कल्पना. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या डॉक्टरांनीही हा उपाय योजून पाहिला होता.

कल्पना तर्कशुद्ध होती, पण बेल्झेनच्या रुग्णांना ते औषध तोंडी घेववेना, इतकी त्याची चव वाईट होती. शिरेतून द्यावे, तर छावणीतल्या अनुभवामुळे सुई पाहताच ते भयभीत होत. बंगालच्या दुष्काळासाठी सिद्ध केलेले साखर, दूध व पीठ यांचे मिश्रणही तेथे दिले गेले. तेही अतिगोड म्हणून अनेकांना रुचले नाही. अखेर साधे दूधच अधिक उपयोगी पडले.

दूध गोडसर असते, मग त्याच्याच प्रथिनांचे तुकडे कडू का व्हावेत? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. तिच्यातील काही घटक जलद्वेष्टे असतात. साखळी अखंड असताना त्यांतील पुष्कळसे तिच्या घड्यांत दडून राहतात. विकराने ती तोडली की ते उघडे पडतात आणि जिभेला कडू लागतात. १९७१ साली जर्मन रसायनज्ञ ने यांनी या गोष्टीला गणिताचा आधार दिला. प्रत्येक अमिनो आम्लाच्या जलद्वेषाला कॅलरींत आकडा देऊन तुकड्याची सरासरी काढावी. ती १४०० च्या वर गेली तर तुकडा बहुधा कडू, १३०० च्या खाली राहिली तर नव्हे. फार मोठ्या तुकड्यांना हा नियम लागू पडत नाही.

रोगाचे मूळ विकरात होते आणि औषधही विकरातच सापडले. जपानात सोयाबीनपासून सोया सॉस तयार करताना ॲस्परजिलस जातीची बुरशी शतकानुशतके वापरात आहे. त्याच कुळातील बुरशीपासून मिळालेल्या एका विकराने सोयाबीनच्या पाचित प्रथिनांचा कडवटपणा जातो, असे फुजिमाकी, अराई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली दाखविले. पहिले विकर साखळी मधोमध तोडते. हे दुसरे टोकाकडून एकेक आम्ल सोडवीत जाते आणि कडू तुकडा मोडून पडतो.

दुधातील केसीन मात्र अधिक हट्टी. त्यात प्रोलिन नावाचे आम्ल विपुल असते. एका प्रकारच्या केसीनमध्ये तर २०९ पैकी ३५ घटक प्रोलिनचे आहेत. प्रोलिन आडवे आले की सामान्य विकर थबकते. तो अडसर दूर करणारी विकरे दही व चीज लावणाऱ्या जिवाणूंत आढळली. चीज मुरताना त्यातील कडवटपणा कमी होण्यात याच जिवाणूंचा मोठा वाटा असतो.

शोधण्याच्या जोडीला पुढे घडविणेही आले. १९९३ साली अमेरिकेत फ्रान्सिस आर्नल्ड यांनी प्रथिने तोडणाऱ्या एका विकरात फेरबदल घडवीत, त्यांतून निवड करीत, त्याला प्रतिकूल द्रावणातही काम करावयास लावले. या पद्धतीच्या शोधाबद्दल त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोणता बंध तोडावा व कोणता राखावा, याची निवड विकरालाच शिकविण्याचा मार्ग यामुळे खुला झाला. या निवडीला महत्त्व आहे, कारण तोडणे अती झाले तर सुट्या आम्लांची वेगळीच चव उमटते आणि पदार्थाचा घट्टपणाही जातो.

दुधाची प्रथिने न सोसणाऱ्या तान्ह्या मुलांना आणि पचनशक्ती खालावलेल्या रुग्णांना आजही पूर्वपाचित प्रथिनांचाच आधार असतो. अन्नाचे पोषणमूल्य प्रयोगशाळेत मोजता येते. पण ते मूल्य शरीराला लाभावयाचे, तर आधी जिभेची संमती घ्यावी लागते. बेल्झेनच्या रुग्णांनी ती नाकारली होती.