संलयन भट्टीची भिंत आणि ट्रॉम्बेचा हिशेब

संलयन अणुभट्टीच्या भिंतीवर आदळणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, विखंडनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनच्या सरासरीच्या सुमारे सातपट. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथील अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून होमी भाभा यांनी संलयन ऊर्जा दोन दशकांत काबूत येईल असे भाकीत केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये किंचिन व पीझ यांनी एका धडकेत किती अणू जागचे हलतात, याचे सूत्र मांडले. भाकीत खरे ठरले नाही. सूत्र मात्र १९७५ मध्ये सुधारले जाऊन आजही वापरात आहे.

त्या सुधारित सूत्राने लोखंडाचा हिशेब असा होतो : एक अणू हलवायला ४० इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणून २० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या धडकेत २०० अणू हलावेत. प्रत्यक्षात बहुतेक अणू काही पिकोसेकंदांतच मोकळ्या जागा पुन्हा भरून काढतात आणि जेमतेम एक तृतीयांश दोष, म्हणजे रिकाम्या जागा आणि जागचे हललेले अणू, उरतात. हे कळले ते संगणकामुळे. १९६० मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत व्हाइनयार्ड व सहकाऱ्यांनी तांब्याच्या जेमतेम ५०० अणूंच्या धडकेची अशी गणना संगणकावर प्रथम केली.

ट्रॉम्बेला १९५६ मध्ये अप्सरा, १९६० मध्ये सायरस आणि १९८५ मध्ये ध्रुव या अणुभट्ट्या सुरू झाल्या. धातू न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवून तपासण्याची सोय त्यामुळे देशातच झाली, पण हे न्यूट्रॉन विखंडनाचे. संलयनाचे न्यूट्रॉन पोलादात हेलियमही बरेच तयार करतात. त्याचे बुडबुडे धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर साचून धातू ठिसूळ होतो. एवढ्या ऊर्जेचा मारा पुरेशा तीव्रतेने करणारे यंत्र जगात कुठेही नसल्याने गणनेला पर्याय नव्हता.

गणनेसाठी लागणारे महासंगणक परदेशातून सहज मिळत नव्हते. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ उभा केला आणि त्याच सुमारास ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ची पहिली आवृत्ती बांधली. पाचशे अणूंवरून लाखो अणूंपर्यंतचा पल्ला अशा समांतर यंत्रांनीच शक्य केला. मग अडचण उलटी झाली : हजारो धडकांची माहिती साठली, पण दोषांचे पुंजके ओळखायचे कसे? २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने याच विषयावर स्पर्धा ठेवली आणि केंद्राच्या विशाखापट्टणम येथील गटाने पुंजक्यांचे आकार ओळखून वर्गवारी करणारी प्रणाली सादर करून ती जिंकली.

गणनेची खरी कसोटी काळाच्या मापाची आहे. धडक पिकोसेकंदांत संपते, तर बुडबुडे वाढायला वर्षे लागतात. म्हणून अणूंच्या हालचालींचे निकाल संभाव्यतेवर चालणाऱ्या दुसऱ्या, संथ गणितात भरावे लागतात.