शिधापत्रिकेचे पक्वान्न

इंग्लंडातील गृहिणी रविवारच्या भोजनाअखेर सफरचंदाच्या क्रंबलवर ऊनऊन पिवळे कस्टर्ड ओतते, तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीपासून चालत आलेला कुळाचारच आपण पाळीत आहोत असा तिचा प्रामाणिक समज असतो. परंतु त्या अमदानीतील पाकशास्त्राचे जाडजूड ग्रंथ चाळले असता पाई, टार्ट आणि पुडिंगे यांची लांबलचक जंत्री तेवढी हाती लागते, क्रंबल हा तेथे बहुधा भेटतच नाही. फळांच्या फोडींवर पीठ, लोणी आणि साखर यांचा चुरा पसरून भट्टीत भाजलेला हा साधा पदार्थ त्या देशात घरोघरी रूढ झाला तो दुसऱ्या महायुद्धातील टंचाईमुळे, असे पाकेतिहासाचे अभ्यासक मानतात.

त्या बेटाच्या अन्नाचा फार मोठा हिस्सा समुद्रमार्गाने येत असे, आणि त्या मार्गावर जर्मन पाणबुड्या टपून बसल्या होत्या. सबब ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि खारवलेले डुकराचे मांस या जिनसांवर शिधाबंदी जारी झाली. एप्रिलात अन्नखात्याची सूत्रे लॉर्ड वूल्टन या मुळात दुकानदारीच्या धंद्यात मुरलेल्या गृहस्थाच्या हाती आली, आणि त्यांच्या खात्याने पत्रकांतून व आकाशवाणीवरून देशातील प्रत्येक स्वयंपाकघराची जणू दिवाणगिरीच पत्करली. माणशी आठवड्याला लोणी कधीकधी अवघे २ औंस, म्हणजे पाच तोळ्यांहूनही किंचित कमी, आणि साखर ८ औंस, म्हणजे साधारण पावशेर, एवढ्यात सारा संसार भागवावयाचा. मुंबईकरांच्या हातीही १९४३ मध्ये शिधापत्रिका आली, तेव्हा रांगेत उभे राहून पदरात पडलेल्या मापात सणवार साजरे करण्याची विद्या आपल्यालाही अगदीच परकी नाही.

अशा दिवसांत पाई करणे ही उधळपट्टीच ठरली असती. पाईला खाली एक आणि वर एक अशी दोन आवरणे लागतात, ती खुसखुशीत होण्यासाठी लोणी किंवा चरबी सढळ हाताने घालावी लागते, आणि पारी लाटण्याचे कसब अंगी असावे लागते ते निराळेच. क्रंबलला खालचे आवरण नाही, लाटणे नाही. लोण्याच्या जागी मार्गारीन चालते, पीठ कमी पडल्यास ओटचे भरड किंवा शिळ्या पावाचा चुरा चालतो, आणि फळे तर परसातच झाडाखाली पडलेली. ही फळे बहुतकरून ब्रॅम्ली जातीची सफरचंदे असत. नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल गावी १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बिया पेरल्या, त्यांतून हे झाड उगवले. पुढे १८४६ साली ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले, आणि एका तरुण रोपवाटिकावाल्याने कलमांसाठी परवानगी मागितली तेव्हा फळाला आपलेच नाव द्यावे अशी अट त्याने घातली. बी पेरणारी बाजूला राहिली आणि खरेदीखत करणारा अमर झाला. महसुली दप्तरे ज्याने पाहिली आहेत त्याला यात नवल वाटावयाचे नाही. हे सफरचंद कच्चे खाववत नाही इतके आंबट, पण शिजले की लोण्यासारखे मऊ होते.

कृतीविषयी फार लिहावे असे काही नाही. वजनाने दोन भाग मैदा आणि एकेक भाग लोणी व साखर घ्यावी. लोणी गार असावे, आणि मोहन चोळतो तसे ते बोटांच्या अग्रांनी पिठात चोळून सारे रवाळ करावे. कारण स्निग्धांश पिठाच्या कणाकणाला वेढून राहिला की ओलाव्याने त्याला चिवटपणा येत नाही. तळहाताच्या उबेने लोणी वितळू दिले तर चुऱ्याचा गोळा होतो आणि भाजल्यावर त्याची ढेप बनते.

आता मसाल्याचा विचार. सफरचंदाबरोबर दालचिनी आणि लवंग हा तेथील शिरस्ता आहे, पण अलीकडे एखादा कल्पक पाचक त्या फळांत काळी मिरी भरडून घालतो आणि आपण काही अपूर्व केले म्हणून त्याचे कौतुक होते. मला हे कौतुक इतिहासाच्या दृष्टीने उफराटे वाटते. १३९० च्या सुमारास दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातील पाचकांनी जो पाकसंग्रह सिद्ध केला, त्यात सफरचंद, नासपती, अंजीर आणि मनुका यांच्या सारणात उत्तम मसाले आणि केशर घालावयास सांगितले आहे. गोडात तिखट घालू नये हा नियम त्या काळी कोणास ठाऊकच नव्हता. मिरी मलबारातून अरबांच्या गलबतांवर निघे, अलेक्झांड्रियाला जकात भरी, व्हेनिसच्या सावकारांचा नफा अंगावर घेई आणि मग लंडनला पोहोचे. तेथे १२ व्या शतकातच मिरीविक्यांचा स्वतंत्र संघ होता, आणि जमिनीचा खंडही कोठेकोठे मिरीच्या रूपाने चुकता केला जाई. असा जिन्नस ज्याच्या ताटात, तो सरदार.

मग हा मान गेला कसा? सुकाळाने. ईस्ट इंडिया कंपनीची पहिली गलबते १६०३ साली सुमारे १० लाख पौंड मिरी घेऊन परतली, तेव्हा माल इतका झाला की उठाव होईना, आणि भागीदारांच्या पदरी नफ्याचा काही हिस्सा मिरीच्याच रूपाने घालण्याची पाळी आली. जी वस्तू मोदी पुडीत बांधून देतो तिच्याने सरदारी कशी मिरवावी? त्याच शतकात फ्रेंच पाचकांनी तीव्र मसाले गोडातून हद्दपार करण्याचा प्रघात पाडला, इंग्रज उमरावांनी तो उचलला, आणि मोकळ्या झालेल्या गादीवर बार्बाडोस व जमैका येथील गुलामांच्या घामातून निघालेली साखर येऊन बसली. पुढे अडीच-तीनशे वर्षे गोड म्हणजे साखर, एवढेच समीकरण उरले. १९४० साली ती साखरही मापाने मिळू लागली, आणि १९४२ मध्ये जावा-सुमात्रा जपानच्या कबजात गेल्यावर तेथील मिरी आणि जायफळ यांचीही वाट बंद झाली. साखरेवरील शिधाबंदी १९५३ पर्यंत आणि मांसावरील १९५४ च्या जुलैपर्यंत टिकली. चौदा वर्षांत एका पिढीचे बालपण क्रंबलवर पोसले गेले होते, मग लोणी मुबलक झाले तरी पाईकडे परत वळण्याची निकड कोणास वाटावी?

मिरीला मात्र या क्रंबलच्या निमित्ताने गोडात परत बोलवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेलदोडाही फळाशी उत्तम जमतो, पण तो आपल्या श्रीखंडाची आठवण करून देतो आणि पदार्थाचा इंग्रजी स्वभाव पुसून टाकतो. अर्धा किलो आंबट सफरचंदांच्या फोडींना पाव चमचा जाडसर भरडलेली मिरी पुरे. ती फळांतच मिसळावी, वरच्या चुऱ्यात नव्हे. तेथे भट्टीच्या थेट आचेने तिचा सुवास उडून जातो आणि नुसता झणका मागे राहतो.